तोंडी परीक्षेचा एप्रिल

कॅनडातल्या किचनरमधला एप्रिल म्हणजे चिखल. पार्किंग लॉटच्या कोपऱ्यांत हिवाळाभर लोटून ठेवलेल्या बर्फाचे ढिगारे आता काळे पडलेले असतात, आणि त्यांच्या पोटातून कुणाचा तरी डिसेंबरात हरवलेला हातमोजा, चेपलेला कॉफीचा कप असं काहीबाही बाहेर यायला लागतं. बुटांच्या कडा रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठानं पांढऱ्या झालेल्या. लोक विंटर टायर्स काढायची घाई करतात आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा बर्फ पडतो. याच दिवसांत आमच्या विद्यापीठाच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या रेघा आखलेल्या चकचकीत जमिनीवर, परीक्षेच्या टेबलांच्या रांगा लागतात.

या ऋतूला एक वास आहे. ओले कोट, रबर, शिळी कॉफी आणि शेकडो मुलांची धास्ती. हा वास मला आवडायचा. मी इथं इंजिनिअरिंगच्या मुलांना स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकवते. पूल, तुळया, खांब यांच्यावर भार आला की त्यांच्या आत काय होतं, तो हा विषय. टेबलांच्या रांगांमधून फिरताना खाली वाकून भराभर लिहिणारी डोकी दिसत, आणि पीक कापणीला आलेलं शेत बघताना वाटावं तसं काहीतरी मला वाटे. वर्षभराची मेहनत उभी आहे समोर, असं.

आता तसं वाटत नाही. काही वर्षांपूर्वीचा एक एप्रिल मध्ये येऊन बसला आहे, आणि तो हलत नाही.

त्या वर्षी आमच्या विभागात बेल्जियमहून इनेके आली होती. पन्नाशीची, उंच, कापलेल्या पांढऱ्या केसांची, रस्त्यावर बर्फ असतानाही सायकलनं येणारी. युरोपातल्या विद्यापीठांमध्ये शिकवण्याची पद्धत बदलण्याची जी मोठी खटपट बरीच वर्षं चालली आहे, तिच्यात तिनं आपली उमेदीची वर्षं घातली होती. मास्तर काय शिकवतो ते बाजूला ठेवा, पोरं काय शिकतात ते बघा, एवढं एकच तिचं म्हणणं. आमच्या विभागप्रमुखांनी तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं, आपल्याकडे काय बदलता येईल ते सांगायला. तिचाही विषय माझाच, त्यामुळे तिला खोली मिळाली ती माझ्या शेजारची. दुपारी ती ब्रेड आणि चीज खायची आणि मी डब्यातली पोळीभाजी. तिला माझं नाव नीट म्हणता यायचं नाही. मेधाचं मेडा व्हायचं. पण आमची गट्टी जमली.

फेब्रुवारीत एकदा तिनं विचारलं, तुझ्या वर्गात मागे येऊन बसू का? मला आनंदच झाला. माझा तास हा माझा अभिमान होता. मुलं चांगले अभिप्राय द्यायची, दुसऱ्या सेक्शनची पोरंही येऊन बसायची. त्या दिवशी मी तुळई वाकण्याचं सूत्र फळ्यावर सिद्ध केलं. एकही ओळ न अडखळता, अगदी घड्याळाच्या काट्याला धरून. गाणं समेवर यावं तसा तास संपला.

मुलं बाहेर पडायला लागली तशी इनेकेही उठून कॉरिडॉरमध्ये गेली आणि तिनं तिघाचौघांना थांबवलं. मला वाटलं, माझ्याबद्दल विचारत असेल. जवळ गेले तर ती विचारत होती, घरात पुस्तकांची लाकडी फळी असते ना, दोन टोकांना टेकवलेली? पुस्तकं फार झाली की ती मध्ये बाकते. ती मोडली तर पहिली चीर कुठं पडेल, वरच्या बाजूला की खालच्या?

मी नुकतंच फळ्यावर लिहून आले होते ते हेच होतं. एक जण म्हणाला, वरच्या बाजूला, कारण पुस्तकं वर असतात. दुसरीनं सांगितलं, भिंतीपाशी. तिसऱ्यानं कॅल्क्युलेटर काढला आणि फळीची लांबी किती म्हणून विचारलं. चौथा हसला आणि निघून गेला.

मी लॅपटॉपची बॅग छातीशी धरून तशीच उभी राहिले. इनेके मला काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. ती खिशातून हातमोजे काढून चढवत बसली.

संध्याकाळी मी नितीनला, माझ्या नवऱ्याला, हे सगळं सांगितलं. तो नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, इंजिनिअरिंग मात्र मेकॅनिकलचं केलेला. तो म्हणाला, ‘‘मग त्यात काय एवढं? आपण काय वेगळे पास झालो होतो का?’’ मी म्हटलं, बरं, तू सांग, चीर कुठं पडेल? तो म्हणाला वर. मग म्हणाला खाली. मग उठून हॉलमधल्या शेल्फपाशी गेला आणि बराच वेळ एक बोट फळीखाली आणि एक फळीवर ठेवून उभा राहिला.

त्या आठवड्यातच मी विभागप्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, माझ्या सेक्शनची अर्धी फायनल तोंडी घेऊ द्या. ते नाखूश होते. मुलं तर चिडलीच. आम्हाला हे आधी सांगायला हवं होतं, इंग्लिश आमची पहिली भाषा नाही, आम्ही लाजाळू आहोत, अशा तक्रारी गेल्या. पण इनेकेनं युरोपातले आपले अनुभव सांगितले आणि परवानगी मिळाली. तोंडी परीक्षा दोघींनी मिळून घ्यायची असं ठरलं.

माझ्या मनात एक निर्धास्तपणा होता, त्याचं नाव श्रेया. श्रेया सांगलीची. दोन वर्षांपूर्वी थेट तिसऱ्या वर्षाला इथं शिकायला आली, तेव्हापासून माझ्या प्रत्येक परीक्षेत पहिली. एका घराच्या बेसमेंटमध्ये मैत्रिणीबरोबर राहायची, संध्याकाळी ग्रोसरीत काम करायची आणि दिवाळीला आमच्याकडे येऊन माझं स्वयंपाकघर ताब्यात घ्यायची. माझ्या शिफारशीवर माँट्रियालच्या एका प्राध्यापकांनी तिच्यासाठी मास्टर्सची जागा धरून ठेवली होती. अट एवढीच की या विषयात तिचा ए ग्रेड हवा. बाकीच्यांचं काहीही होवो, मला वाटायचं, श्रेया आत येईल आणि इनेकेला कळेल की आमच्याकडेही शिकवतात.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. खिडकीबाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. हीटर चालूच होता, त्यामुळे खोली कोंदट. श्रेया नीट इस्त्री केलेला शर्ट घालून आली आणि मला बघून हसली. इनेकेनं तिच्या हातात एक लाकडी पट्टी दिली आणि सांगितलं, ही दोन पुस्तकांवर ठेव, मध्ये दाब आणि आत काय होतंय ते मला सांग.

श्रेयानं पट्टी बाजूला ठेवली, कागद ओढला आणि सूत्र लिहिलं. सुरेख अक्षर, प्रत्येक चिन्हाचा अर्थ कडेला. मी इनेकेकडे बघितलं. तिनं मान हलवली, पट्टी उचलून पुन्हा श्रेयाच्या हातात दिली आणि म्हणाली, छान, आता हिच्याबद्दल बोल. वरचा थर लांबतो की आखडतो?

श्रेयानं पट्टी दाबली. सोडली. पुन्हा दाबली. ती पट्टीकडे बघतच नव्हती, कागदाकडे बघत होती. इनेके वाट बघत राहिली. तिला वाट बघता येते, मला येत नाही. मी टेबलाखाली स्वतःचीच बोटं आवळून धरली होती. मग श्रेयानं माझ्याकडे वळून, इनेके तिथं आहे हे विसरून, मराठीत विचारलं,

‘‘मॅडम, हे कुठल्या टाइपच्या प्रश्नात येतं?’’

तिचा आवाज अगदी सरळ होता. त्यात टाळाटाळ नव्हती, ती खरंच विचारत होती. टाइप कळला असता तर तिनं तो प्रश्न झटक्यात सोडवला असता. इनेकेनं विचारलं, ती काय म्हणाली? मी भाषांतर करून सांगितलं आणि सांगता सांगता ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकलं. त्या दिवसानंतर ते मी किती वेळा ऐकलं आहे कोण जाणे.

श्रेया गेल्यावर मी इनेकेला म्हटलं, घाबरली असेल. इनेके म्हणाली, नाही, घाबरलेली मुलं मला ओळखता येतात. मग मी विचारलं, आता हिला काय द्यायचं? नापास केलं तर माँट्रियाल जाईल, आणि माँट्रियाल गेलं तर तिचं इथं राहणंच अवघड होईल. इनेके म्हणाली, आत्ता काहीच देऊ नकोस, तिला पुन्हा बोलाव. मी म्हटलं, इथं तसं चालत नाही. ती म्हणाली, मग चालेल असं कर.

चार दिवस श्रेयाचा फोन लागेना. रविवारी मसालेभाताचा डबा घेऊन मी तिच्या बेसमेंटवर गेले. मैत्रिणीनं दार उघडलं आणि ती कपडे धुवायचं निमित्त करून बाहेर गेली. छताजवळच्या छोट्या खिडकीतून वरच्या अंगणातलं वितळणारा बर्फ दिसत होता. श्रेया गादीवर भिंतीला टेकून बसली होती. मी समजूत घालायची तयारी करून गेले होते. एखादा पेपर वाईट जातो, सगळ्यांचाच जातो, वगैरे. तिनं मला बोलू दिलं. मग म्हणाली,

‘‘मला येत नाही हे मला माहीतच नव्हतं, मॅडम. मी आत आले तेव्हा मला खरंच वाटत होतं की मला सगळं येतं.’’

मी म्हटलं, हळूहळू येईल. ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे कोरडे होते.

‘‘दहावीत बोर्डात आले, बारावीत आले, इथं तुम्ही दोन वर्षं ए प्लस दिलात. इतक्या जणांनी मला तपासलं. एकालाही कळलं नाही?’’

डबा माझ्या हातातच होता. तो कुठं ठेवायचा ते मला सुचेना. शिक्षकाला विद्यार्थ्यांचे राग माहीत असतात, कमी मार्क दिले म्हणून, पेपर अवघड काढला म्हणून. जास्त मार्क दिले म्हणून कुणी जाब विचारलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. परीक्षेच्या दिवशी त्या खोलीत ती जशी बसली होती तशी आज मी बसले होते.

शेवटी तीच उठली, डबा माझ्या हातातून घेतला आणि दोन ताटं काढली. खाता खाता तिनं विचारलं, तो वरचा थर, आखडतो ना? मी हो म्हणणार होते, पण इनेकेची आठवण झाली. मी म्हटलं, तुला काय वाटतं? सिंकपाशी भांडी घासायचा स्पंज होता, जाडजूड, पिवळा. ती उठली आणि त्याच्या कडेवर पेननं उभ्या रेघा मारल्या. मग दोन्ही हातांनी स्पंज वाकवला. वर रेघा जवळ आल्या, खाली फाकल्या. ती ते करतच राहिली. वाकवायची, सोडायची. त्या अंधाऱ्या खोलीत तिचा चेहरा असा झाला होता की मला तिकडे बघवेना. एवढी साधी गोष्ट, आणि एवढा उशीर.

मी विभागप्रमुखांशी भांडून तिचा निकाल अपूर्ण ठेवून घेतला. त्यांना मी सांगितलं की असाच निकाल अर्ध्या वर्गाचा ठेवायला हवा, पण ज्यांना पुन्हा यायचं आहे त्यांना तरी येऊ द्या. काही मुलं आली, बरीचशी आली नाहीत. मिळाले ते मार्क घेऊन ती उन्हाळ्याच्या नोकऱ्यांना गेली. त्यांना दोष कसा देणार?

श्रेया पुन्हा आली तेव्हा मे उजाडत होता. झाडांना पानं नव्हती, पण फांद्यांच्या टोकांवर लालसर धूर असल्यासारखे कोंब दिसत होते. या वेळी शर्टाला इस्त्री नव्हती. इनेकेनं पट्टी पुढे केली. श्रेया बोलायला लागली, अडखळत, इंग्लिशमध्ये, मध्येच हातवारे करत. वर आखडतं, खाली लांबतं, म्हणून चीर खालून सुरू होते. बरोबर होतं सगळं. इनेके समाधानानं मागे टेकली. मला वाटलं, संपलं.

मग श्रेयानंच विचारलं, ‘‘पण मधला थर ना लांबतो ना आखडतो. त्याला काहीच करायचं नसेल, तर तिथलं लाकूड काढून टाकलं तर चालेल?’’

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. या प्रश्नाचं उत्तर आम्हाला येत होतं. तिथले थर एकमेकांवरून घसरू पाहतात, मधलं लाकूड त्यांना धरून ठेवतं, तो तर पुढचा अख्खा धडाच आहे. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही मुलानं विचारला नव्हता. त्यांना विचारायची गरजच पडली नव्हती. प्रश्न पडायच्या आधीच मी उत्तर फळ्यावर लिहून टाकत आले होते. इनेकेनं ती पट्टी टेबलावर ठेवली आणि विचारलं, तुला काय वाटतं? तिघींचं ते बोलणं पुढं किती चाललं कुणास ठाऊक. परीक्षा कधी थांबली ते आमच्या लक्षातच आलं नाही.

तिला बी ग्रेड मिळाला. मी त्याहून जास्त देऊ शकले नाही, आणि तिनं मागितलाही नाही. माँट्रियालची जागा गेली. वर्षभर तिनं किचनरजवळच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायचं काम केलं. त्या वर्षात ती आमच्याकडे फारशी आली नाही. दिवाळीला फोन केला तर म्हणाली, शिफ्ट आहे.

इनेके जूनमध्ये परत गेली. त्याआधी आम्ही तिला जेवायला बोलावलं. डेकवर बसलो होतो. उशिरापर्यंत उजेड होता, नितीन ग्रिलवर कणसं भाजत होता. मी भारावलेली होते. म्हटलं, तुमच्याकडे हे सगळं किती पुढं गेलं असेल, आम्ही आत्ता कुठं सुरुवात करतोय. इनेके कणीस हातात फिरवत राहिली. मग म्हणाली की तिच्या विद्यापीठात वर्गांमधली बाकं काढून गोल टेबलं आणली आहेत. प्रत्येक विषयाच्या वर विद्यार्थी काय शिकेल ते नव्या शब्दांत लिहिलेलं असतं, सगळ्यांना ते शब्द पाठ झालेत. आणि त्या गोल टेबलांच्या पुढे उभं राहून प्राध्यापक तेच जुनं व्याख्यान देतात. मुलं माना वळवून ऐकतात.

मला ते खरं वाटेना. मी विचारलं, मग तू इथं कशाला आलीस?

‘‘तिथं आता कुणाला धक्का बसत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तू कॉरिडॉरमध्ये उभी होतीस ना, त्या दिवशी तुझा चेहरा बघितला आणि ठरवलं की हिच्याबरोबर काम करायचं.’’

नितीननं विचारलं, आणखी मीठ-लिंबू देऊ का? इनेकेनं आपलं कणीस पुढं केलं. युरोपात सगळं सुधारलं आहे, आपण फक्त तिकडून आणायचं आहे, अशा समजुतीवर मी ते वर्ष काढलं होतं. त्या संध्याकाळी ती समजूतही गेली.

आता माझ्या सेक्शनला दरवर्षी तोंडी परीक्षा असते. शेजारच्या सेक्शनला नाही, त्यामुळे हुशार मुलं तिकडे नाव घालतात. माझ्याबद्दलचे अभिप्राय पूर्वीसारखे चांगले येत नाहीत. एकानं लिहिलं होतं, ही बाई शिकवत नाही, नुसतं विचारते. नितीन ते मोठ्यानं वाचून हसला. मला हसू आलं नाही. व्याख्यान देताना मला जे सुख व्हायचं, ते मी अजून विसरलेले नाही. काही सकाळी फळा समोर असतो, सूत्र ओठांवर असतं आणि ते न सांगता थांबणं जड जातं. मुलं गप्प बसतात, मीही गप्प बसते, आणि त्या शांततेत मला दरवेळी भीती वाटते की यातून काहीच निघणार नाही. कधीकधी खरंच निघत नाही.

गेल्या आठवड्यात श्रेयाचा फोन आला. कारखान्यातल्या त्या वर्षानंतर तिनं पुन्हा अप्लाय केलं आणि दुसऱ्या एका प्राध्यापकांकडे तिला प्रवेश मिळाला. आता ती माँट्रियालमध्ये शिकते, शेजारच्या लव्हालला राहते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांचं ट्युटोरियल घेते. थोडंसं फ्रेंच बोलायला लागली आहे, फोन उचलताच ‘बोंजूर मॅडम’ म्हणाली. इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी ती फोन ठेवेना. मी विचारलं, काय झालं?

ती म्हणाली, आज ट्युटोरियलमध्ये एक मुलगी रडायला लागली. मागच्या परीक्षेत पहिली आलेली मुलगी. म्हणाली, मला यातलं काही कळत नाही आणि हे कुणाला सांगायची लाज वाटते. श्रेयानं गणित थांबवलं आणि वर्गाला म्हटलं, आणखी कुणाला असं वाटतं ते हात वर करा, मी मार्क लावणार नाही, नावंही विचारणार नाही. पहिल्यांदा कुणीच हलेना. मग मागच्या एकानं केला. मग हळूहळू.

मी विचारलं, ‘‘किती जणांनी?’’

‘‘सगळ्यांनी, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘सगळे हात वर करून माझ्याकडे बघत होते. मग मीपण केला.’’